दुसऱ्या फिल्ममधली माझी सावली

५ जानेवारी, सोमवार

विनिता, तू हे वाचायला घेशील तेव्हा गॅसवर काहीतरी ठेवलेलं असेल. आधी उठ, तो बंद करून ये, मग बस. लग्नात म्हणायचा धवला तुला मी दोन वेळा शिकवला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या कडव्याला तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस, जशी मीच तुझ्या लग्नात न बोलावता जेवायला आले होते. तुझ्या लेकीचं, प्राप्तीचं, इथं कसं चाललंय ते फोनवर सांगावं, तर सकाळचं तू संध्याकाळी पुन्हा विचारतेस. म्हणून आता रोजचं रोज बोलून ठेवणार आहे. मला अक्षर येत नाही, पण प्राप्तीने फोनमध्ये अशी सोय करून दिलीय की मी बोलते आणि तो लिहितो. तारीखही तोच टाकतो. हे तुझ्यापुरतं ठेव. जीवनला दाखवू नकोस. तो माझ्या नातीशी बोलत नाही तोवर माझा लेक अर्धाच माझा.

पौष चालू आहे, लग्नं नाहीत, हळदी नाहीत. लग्नात धवले म्हणायला सगळा गाव मला न्यायला येतो, पण पौषात धवलारणीला कुत्रं विचारत नाही. म्हणून महिनाभर अलिबागला हिच्याकडे आले. खाली टायरचं दुकान, वर हिचा स्टुडिओ, मागे राहायची खोली. जिना लोखंडी आणि उभा. मी चढले, जीवन अजून एकदाही चढलेला नाही. दिवाळीला तो म्हणाला, माझ्या ट्रकांचं ऑफिस सांभाळ. ती म्हणाली, मला माझं काम हाय. तेवढ्यावरून बापलेकीने तोंडं फिरवली.

हिचं काम सांगते. जे घर अजून बांधलेलंच नाही, त्याचा फोटो काढायचा. मग त्या फोटोत शिरून फिरायचं, खिडकी उघडायची, बाहेर समुद्र बघायचा. त्याची फिल्म करून बिल्डरला द्यायची, की लोक ती बघून घर घेतात. मी म्हटलं, म्हणजे नवरी बघायच्या आधी लग्नाचा अल्बम. वरद खूप हसला. वरद हा हिचा भागीदार, नागावचा, त्यांची सुपारीची वाडी आहे. तिसरी अमिषा. ती त्या घरांत सोफे, झाडं आणि माणसं ठेवते.

आता हातात आहे ते काम आपल्याच गावचं. धाकट्या खारेत खाडीकडे आपलं जुनं मिठागर होतं, तिथे कंपनी बंगले बांधणार आहे. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत फिल्म दाखवायची आणि गावाने संमती द्यायची. फिल्म पसंत पडली तर कंपनीची पुढची सगळी कामं हिची. नाही पडली तर स्टुडिओला कुलूप, कारण यासाठी हिने बाकीची कामं परत केलीत. कंपनीच्या सुजित साहेबांना हिचं नाव कुणी सांगितलं माहीत आहे? जीवनने. त्याचे ट्रक तिथे भरावाची माती टाकतात. हे त्याने हिला सांगितलेलं नाही आणि हिला ठाऊक आहे हे त्याला सांगायचं नाही. दोघं एकाच मातीची.

८ जानेवारी, गुरुवार

आज मी फिल्ममध्ये गेले.

प्राप्तीने मला गच्चीवर नेलं, नऊवारी नेसवली, हातात हळदीचं ताट दिलं आणि म्हणाली, आजी, बांधदेवाला हळद न्यायला निघालीस असं चाल. मी चालले. वरद फोन घेऊन माझ्याभोवती फिरत होता, त्याला घेरी आली असेल. पुन्हा चाल म्हणाले, पुन्हा चालले. ताटात हळद नव्हती, बेसन होतं.

संध्याकाळी दाखवलं. अगं, बांधावरून मी जातेय. आपलाच बांध, खालच्या आळीतून निघतो तो, आणि टोकाला बांधदेवाचा दगड, शेंदूर लावलेला. गावात कुणाचंही लग्न असो, पहिली हळद त्या दगडाला, मग नवऱ्याला. मी आणि माझ्यामागे चार बायका. आकाश आपल्यापेक्षा बरं काढलंय. मिठागराचं तळं केलंय, त्यात बदकं. पांढरे बंगले मागे, लांब. पाठीतून मी इतकी वाकलेय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुजित साहेब बघायला आले होते. तरुण माणूस, बूट बाहेर काढून आत आला, म्हणजे घरचे चांगले. म्हणाला, "येसूबाई, तुम्ही आमच्या हिरोइन. गावाला हे फार आवडेल."

मी म्हटलं, "हिरोइनीला चहा तरी मागवा."

रात्री अंथरुणावर मला मीठ आठवलं. शेवटच्या वर्षी आगरातून आणलेलं जाडं मीठ घरी बरणीत आहे, चिनी मातीच्या. विनिता, ते रोजच्या आमटीत घालू नकोस. तू विसरतेस.

१० जानेवारी, शनिवार

विशेष काही नाही. प्राप्ती आणि वरद एकमेकांशी फक्त कामाचं बोलतात. अमिषाला विचारलं, तर ती कानात वायर घालून बसली.

१३ जानेवारी, मंगळवार

सुजित साहेब पुन्हा आले. या खेपेला काचेच्या खोलीचं दार लावून बसले. काच असली की दिसतं सगळं, ऐकू येत नाही. प्राप्तीने एकदा मान हलवली, नाही अशी. मग बराच वेळ तिने मान हलवलीच नाही. वरदच बोलत होता. साहेब जाताना मला नमस्कार करून गेला.

नंतर दोघं स्वयंपाकाच्या ओट्यापाशी हळू बोलत होती. मी तांदूळ निवडत होते, तांदळात खडा नव्हता, तरी निवडत होते.

"आपण चित्रं काढतो, प्राप्ती. निर्णय आपण घेत नाही."

"चित्रात काय ठेवायचं तो निर्णयच हाय."

"मग काय करायचं म्हणतेस? नाही म्हणायचं?"

चहा उतू गेला, तो तिने पुसला पण नाही.

विनिता, मला काय वाटलं ते सांगते. या दोघांचं जुळलंय ते वरदच्या घरी कळलं असणार. वाडीवाले लोक, मासळी न खाणारे, आणि आपली पोरगी बोंबलाशिवाय जेवत नाही. दुपारी वरद एकटा सापडला तेव्हा मी सरळ विचारलं, "काय रे, तुझ्या आईला वासाचा त्रास होतो का?"

"कसल्या वासाचा, आजी?"

"आमच्या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आजी, आई माझी वर्षभर मागे लागलीय, प्राप्तीला जेवायला आण म्हणून." आणि तोंड धुवायला निघून गेला. म्हणजे आईचा प्रश्न नाही. मग कशाचा आहे?

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचा तिळगूळ काल सगळ्यांना दिला. गोड बोला म्हटलं. सगळे गोडच बोलले, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

आज प्राप्ती बाहेर गेली होती. अमिषाला म्हटलं, पोरी, मला माझी फिल्म दाखव, माझा वेळ जात नाही. तिने लावली. बंगले तेच, तळं तेच, बदकंही तीच. पण मी नाही. बांधाच्या जागी लाकडी फळ्यांचा कट्टा, त्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर गोऱ्यापान बायका पाय लांब करून सरबत पितायत, आणि समोर सूर्य बुडतोय. त्यांच्या मागे एक भिंत, चांगली उंच, वेलींनी झाकलेली. दगड दिसला नाही. देवाला कुठे आतबाहेर नीट जागा दिली असेल.

"मी कुठाय?" म्हटलं.

अमिषा घाबरली. "आजी, ही दुसरी हाय. ही तुम्हाला दाखवायची नव्हती."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. मी फार वाकते, चालताना डावा पाय ओढते, ते काय मला माहीत नाही? पण काढायचं तर सांगून काढावं. प्राप्ती आल्यावर म्हटलं, "माझ्यापेक्षा त्या सरबतवाल्या बऱ्या चालतात का? त्या तर बसूनच आहेत."

तिचा चेहरा उतरला. "आजी, तुझी चाल चांगली हाय."

"मग घाल ना मला परत. एका कोपऱ्यात घाल. सरबत नको, नुसती उभी कर."

ती मशीनपुढे जाऊन बसली. मी संध्याकाळपर्यंत तिला टोचत राहिले. म्हातारीला एवढं तरी करमणुकीला हवं.

संध्याकाळी कुणीतरी मागच्या शेतात पोपटी लावली होती, शेंगांनी भरलेलं मडकं जाळात. भांबुर्डीच्या पाल्याचा वास वरपर्यंत आला. प्राप्तीने खिडकी उघडली आणि म्हणाली, "बाबांनी लावली असेल का यंदा?" मी काही म्हणायच्या आत खिडकी बंद केली.

१७ जानेवारी, शनिवार

हे जपून वाच आणि कुणाला सांगू नकोस.

आज वरद ती दुसरी फिल्म पुन्हा लावून बघत होता. मी त्याच्यामागे उभी होते, त्याला कळलं नाही. कट्टा आला, सरबतवाल्या आल्या. आणि फळ्यांवरून एक सावली गेली. वाकलेली, डोक्यावर पदर, हातात ताट. डावा पाय ओढत. माणूस नाही, नुसती सावली. भिंतीपर्यंत गेली आणि संपली.

ती माझी होती. स्वतःची चाल माणसाला कळते.

वरदने फिल्म थांबवली, मागे घेतली, पुन्हा बघितली. मग मान वळवली तर मी.

माझी आजेसासू जायच्या आधी म्हणायची, माझी सावली पुढे निघालीय, मी मागून येते. चार दिवसांनी गेली. तेव्हा मी तुझ्यापेक्षा लहान होते. आज भर दुपारी गच्चीवर जाऊन बघितलं. पायाशी सावली आहे, पण केवढीशी, भाकरीएवढी. दुपारी सगळ्यांचीच तेवढी असते हे मला कळतं. तरी बघितलं.

१९ जानेवारी, सोमवार

पौष सरला. आता बोलावणी येतील. मी जाईन की नाही कुणास ठाऊक.

नथ प्राप्तीला. पाटल्या तुला, त्या तू कुठे ठेवल्यास ते दर दिवाळीला शोधशील, तेवढी तरी माझी आठवण होईल. नऊवारी हिरवी माझ्या अंगावर, हळदीची पिवळी नको, पिवळी नवरीची. धवला कुणाला द्यायचा हा प्रश्न आहे. तिसरं कडवं तुला येत नाही. बांधदेवाला बोलवायचं तेच कडवं आहे, ते सोडून कसं चालेल? त्याच्याशिवाय हळद लागतच नाही. म्हणून आता फोनला म्हणून दाखवते, तो विसरत नाही:

ये रे बांधाच्या राखणदारा,
खारं पाणी अडवणाऱ्या,
पहिली हळद तुझ्या अंगा,
मग माझ्या नवऱ्या बाळा.

घास उतरत नाही. प्राप्तीने विचारलं तर दात दुखतो म्हटलं. मला दात आहेत कुठे, तिच्या लक्षात यायला अर्धा दिवस लागला. इतकी ती कामात बुडालीय.

२१ जानेवारी, बुधवार

तिने धरलंच मला. भात तसाच ठेवला म्हणून समोर बसली आणि म्हणाली, "दात नाही, ताप नाही. काय झालंय ते सांगितल्याशिवाय मी उठणार न्हाय." तू अशीच बसतेस, विनिता. मग सांगितलं, सावली बघितली म्हणून.

आधी ती हसली. मग हसताहसता तिने तोंडावर हात घेतला. हसतेय की रडतेय मला कळेना.

म्हणाली, "आजी, मशीनमध्ये माणसाला काढून टाकता येतं, किंवा नुसतं दिसेनासं करता येतं. दिसेनासं केलं तर सावली वेगळी बंद करावी लागते. ती बंद करायची राहिली. बस, एवढंच."

"मग मी मरत नाही?"

"न्हाय गं."

मी भात ओढला. दोन घास खाल्ले. मग म्हटलं, "पण दिसेनासं का केलंस? चाल तर चांगली होती म्हणतेस."

तिने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला, विनिता. मग सगळं सांगितलं. पहिली फिल्म गावासाठी. ती ग्रामसभेत लावायची. दुसरी मुंबईच्या घर घेणाऱ्यांसाठी. सरकारकडे मंजुरीला जो नकाशा दिलाय, त्यात दुसरीतलंच आहे. बांधावर कट्टा आहे, खालच्या आळीकडून भिंत आहे. वाट नाही. दगड नाही. दगडाच्या जागी त्या बायकांची खुर्ची आहे.

"आणि पहिल्या फिल्ममध्ये मी का?"

"तू धवलारीण. गावातल्या प्रत्येक लग्नात तू हळद नेलीस. तू बांधावरून चालताना दिसलीस की गाव विश्वास ठेवतं. साहेबांचीच कल्पना. मी..." आणि तिथे थांबली.

मी हात धुतले. एवढे दिवस मी तिला टोचत होते, मला परत घाल, मला परत घाल. आणि ती ऐकत होती.

वरद दारात उभा होता. तो म्हणाला, "आजी, हिची एवढी कामं मी बघितली. सावली बंद करायची हिची कधी राहत नाही."

माणूस आहे, चुकतो. मशीनवर दिवसभर बसून माझेही डोळे फुटले असते.

२३ जानेवारी, शुक्रवार

सुजित साहेबाचा फोन आला. त्यालाही सावली दिसलीय. ती काढून रविवारपर्यंत दोन्ही फिल्म द्या म्हणाला. आणि दुसरी फिल्म गावात कुणी बघितली तर लिहून दिल्याप्रमाणे पुढचं काम विसरा, इथलं आणि कुठलंच, असंही म्हणाला. हे वरदने मला सांगितलं. प्राप्ती मला काही सांगत नाही.

दुपारी जीवन आला. म्हणजे जिन्याखाली आला, ट्रक चालू ठेवून, आणि फोन केला, "आये, खाली ये." मी या गुडघ्यांनी उतरले. त्याने दार उघडून मला गाडीत बसवलं. केवढी उंच गाडी, म्हैस चढवतात तशी चढवली.

"पोरगी काय करतेय? साहेब मला विचारत होता. मी शब्द दिलाय तिच्या नावचा."

"तिला सांग ना तसं. वर आहे ती."

तो जिन्याकडे बघत राहिला.

मी विचारलं, "भिंतीचं तुला माहीत होतं?"

"भिंत हाय म्हणून काय झालं? फाटक असेल, वॉचमन असेल. लग्नाच्या दिवशी सोडेल आत."

"म्हणजे हळदीचं ताट हातात घेऊन आधी वॉचमनला विचारायचं, दादा, देवाकडे जाऊ का? तुझ्या हळदीला कुणाला विचारलं होतं मी?"

त्याने गाडी बंद केली. इतका वेळ चालूच होती. बंद झाल्यावर किती शांत वाटतं. म्हणाला, "आये, तिथे मी माती टाकली नाही तर दुसरा टाकेल. ट्रक दाराशी उभे करून काय खाऊ?"

उतरताना म्हटलं, "यंदा पोपटी लावलीस का?"

"कुणासाठी लावू," म्हणाला.

२५ जानेवारी, रविवार

सकाळपासून मशीनं घरघरतायत. रेंडर लावलाय म्हणतात, म्हणजे फिल्म शिजायला ठेवलीय, मध्ये झाकण काढायचं नाही. प्राप्ती पडद्यासमोर बसून आहे. वरदने विचारलं, "सावली काढलीस?" ती म्हणाली, "काढते." त्याने पुन्हा विचारलं नाही. अमिषा आज सुट्टी असून आली आणि सगळ्यांचे कप घासून ठेवले.

खरं बोलायचं तर बोलते, विनिता, इथे कोण ऐकतंय. मला वाटलं, तिला सांगावं की गप बस. पहिली फिल्म लाव, टाळ्या घे, घरी ये. दगड म्हणजे दगडच, दुसरीकडे बसवू, शेंदूर लावला की झाला देव. या पोरीने हा स्टुडिओ कसा उभा केला ते मी बघितलंय. टायरच्या वासात बसून, बापाचा राग डोक्यावर घेऊन. एका दगडापायी हे मोडायचं? दोन वेळा तिच्या खुर्चीपाशी गेले. दोन्ही वेळा पडद्यावर मीच चालत होते, पहिलीतली, ताट घेऊन, अशी ऐटीत. स्वतःच्याच तोंडाकडे बघून मला ते बोलवेना.

ती काय करणार मला माहीत नाही. तिलाही माहीत नसावं. नखं खातेय, लहानपणी खायची तशी.

२६ जानेवारी, सोमवार

तू होतीस तिथे, पण मागे बायकांत बसली होतीस आणि तुझ्यापुढे ती धिप्पाड सुलोचना. तुला अर्धंच दिसलं असणार आणि त्यातलं अर्धं आतापर्यंत गेलं असेल. म्हणून अलिबागला परत आल्यावर सांगते.

शाळेच्या पटांगणात झेंडा झाला, मग मांडवात पडदा लावला. पुढच्या खुर्चीत सुजित साहेब, शेजारी सरपंच, त्यांच्या बाजूला जीवन, इस्त्रीच्या शर्टात. पहिली फिल्म लागली. मी बांधावर आले तशा बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "येसूबाय म्हातारपणी सिनेमात गेली." मी पदर तोंडाला लावला. लाजले नव्हते मी.

सरपंच म्हणाले, "छान झालंय. मग संमतीचा ठराव घेऊ." साहेबाने पेन काढलं.

प्राप्ती उभी राहिली. म्हणाली, "अजून एक हाय."

साहेब म्हणाला, "प्राप्ती मॅडम, वेळ झालाय."

तेवढ्यात पडदा काळा होऊन उजळला. मी बघितलं, वायर वरदच्या हातात होती. तो साहेबाकडे बघतच नव्हता.

दुसरी लागली. आधी कुणाला काही कळलं नाही. बंगले, तळं, बदकं. कट्टा आला तशी कुजबुज थांबली. आपली सगळी माणसं त्या बांधावर खेळून मोठी झालीत, जागा कोण ओळखणार नाही? भिंत आली. मग सावली आली. फळ्यांवरून, खुर्च्यांच्या पायांतून, ताट घेऊन. भिंतीपाशी या खेपेला ती संपली नाही. भिंतीवर चढली, उभी राहिली आणि तिथेच राहिली. प्राप्तीने ती काढली नव्हती. उलट वाढवली होती.

मग एक बाई म्हणाली, "ही आपली येसूबाय. पण बाय कुठं गेली?"

सरपंचाने विचारलं, "यातलं खरं कुठलं?"

प्राप्ती म्हणाली, "मंजुरीच्या नकाशात दुसरं हाय. वाट न्हाय, दगड न्हाय. दोन्ही फिल्म मीच केल्या. पहिली तुम्हाला दाखवायला केली. करायला नको होती."

साहेब उठला. हळूच म्हणाला, ओरडला नाही, "तुमचं काम संपलं." मला वाटलं जीवन आता तिच्या अंगावर धावेल. तो उठला, माझ्या आणि प्राप्तीच्या मधून गेला, कुणाकडे बघितलं नाही. मग ट्रक चालू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

ठराव झाला नाही. वाट आणि दगड नकाशात आल्याशिवाय संमती नाही, असं लिहून घेतलं. लोक प्राप्तीभोवती जमले. काही शाबास म्हणाले. काहींनी विचारलं, पहिली केलीसच कशी? ती मांडवाच्या बांबूला धरून उभी होती.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळीच कंपनीचा माणूस येऊन त्यांनी कामाला दिलेलं सगळं परत घेऊन गेला. अमिषाने एकेक वस्तू काढून दिली आणि मग रडली. स्टुडिओ राहील की नाही ते कुणालाच माहीत नाही. वरद म्हणतो, "आजी, एखादं देऊळ बांधायचं असेल तर सांगा, फिल्म आम्ही करू." चेष्टा करतोय, म्हणजे पळत नाही. त्याच्या लग्नाचं मी नंतर बघते.

दुपारी सरपंच आले होते, जिना चढून. उद्या खालच्या आळीतल्या बायका आणि चारपाच म्हातारे येतायत. बांध कुठून निघतो, वाट कुठे वळते, दगड कुठे, ते बसून सांगणार आणि ही तिघं ते काढणार, खरंखुरं. ते मंजुरीच्या ऑफिसात द्यायचं. प्राप्तीने मला विचारलं, "आजी, त्यातही चालशील ना?" मी म्हटलं, सावलीसकट.

एक सांगायचं राहिलं. आज अगदी सकाळी खाली ट्रकचा आवाज आला. खिडकीतून बघितलं, जीवन. गाडी बंद करून जिन्यापाशी आला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर बघितलं. मग पाय काढून घेतला आणि गेला. प्राप्तीने बघितलं नाही. की बघितलं, ते मला सांगता येत नाही. ती खिडकीपाशी उभी होती.

म्हणून आता नीट ऐक आणि विसरू नकोस, पदराला गाठ मार. हे सगळं आज तुला पाठवतेय, ते त्याला वाचून दाखव, पहिल्यापासून. मग सांग की उद्या पोपटी लाव. वालाच्या शेंगा कोवळ्या घे, अंडी घाल, बटाटे घाल. वरदसाठी शेंगा आणि बटाटे वेगळ्या लहान मडक्यात, त्यात अंडं लागू देऊ नकोस. भांबुर्डीचा पाला तळाशी जास्त, प्राप्तीला खालच्या करपलेल्या शेंगा लागतात. तांदळाच्या भाकऱ्या वीसएक कर, माणसं बरीच आहेत. मडकं तू आणू नकोस, पोराबिराच्या हाती पाठवू नकोस. जीवननेच आणायचं, आणि गाडीतून हाक मारून द्यायचं नाही. पोपटी उपडी करायला ज्याने लावली तोच लागतो, वर येऊन उपडी कर म्हणावं. आणि मीठ बरणीतलं घाल, जाडं, आपल्या आगरातलं. उरलं असेल तर सगळं घाल.